अठराव्या नोंदीबद्दल

आमच्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संचवाल्यांच्या, गटाने एक निवेदन तयार केलं आहे. रेडिओवरून ईमेल पाठवायला मोकळीक असावी की नसावी, आणि संकटाच्या वेळी परक्या माणसांचे निरोप कोणी, कसे न्यावेत, यावर आमच्यात कित्येक वर्षं वाद चालू आहे. नियमांबद्दलच्या सूचना वर पाठवायच्या म्हणून आता सगळ्यांची मतं एकत्र केली आहेत. गटातला सगळ्यांत जुना म्हणून मसुदा मला वाचायला दिला. त्याच्या तिसऱ्या पानावर मीच आहे. ‘पेणचे एक ज्येष्ठ सभासद’ असं लिहिलंय. त्या सभासदाने पुराच्या वेळी रोह्याहून आलेली पंचवीस नोंदींची यादी नुसत्या आवाजावर, एकही चूक न करता उतरवून घेतली. एक नोंद राहिली ती पाठवणाऱ्याच्या हातून. तेव्हा ईमेलवाचून काही अडत नाही, असा त्या परिच्छेदाचा सारांश. सोबत माझ्या अक्षरातल्या यादीची प्रत जोडायची आहे.

ती यादी खोटी आहे. रोह्याहून सव्वीस नोंदी आल्या होत्या. जी राहिली ती माझ्या हातून राहिली, आणि राहिली हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पाठवणारा आता या जगात नाही. म्हणून हे मला लिहून ठेवायचं आहे, आणि निवेदनाला काही जोडायचंच असेल तर हे जोडावं.

मी तार खात्यात होतो. पेणला, आणि अधेमधे बदलीच्या गावी. तार घेताना दोन गोष्टी डोक्यात इतक्या मुरल्या की निवृत्तीनंतरही गेल्या नाहीत. एक म्हणजे तारेचा अनुक्रमांक, आणि दुसरी शब्दांची संख्या. सतरानंतर एकोणीस आला तर हात तिथेच थांबायचा. पुढची तार घ्यायची नाही, आधी अठरा कुठे आहे ते विचारायचं. त्यात कमीपणा नव्हता. उलट जो विचारत नाही तो कच्चा तारबाबू, असं आमचे वरिष्ठ म्हणायचे. माझा कान चांगला होता. वाऱ्यापावसात, तारा एकमेकींना लागलेल्या असताना मी मजकूर उचलत असे. त्या कानाचा मला फार अभिमान होता, आणि जे झालं त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

रोह्याचा माझा मित्र जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. पुढे काही वर्षं आखातात नोकरी करून तो घरी परतला. कप्तान तो कधीच नव्हता, पण मी त्याला कप्तान म्हणायचो आणि तो मला मास्तर. आमची ओळख रेडिओवरच झाली. रोज सकाळी आठ वाजता तो रोह्याहून हाक मारायचा, मी पेणहून उत्तर द्यायचो. बोलायचं काय, तर हवा कशी आहे, आवाज कसा येतोय, रात्री काय जेवलास. तोंड बघायला आम्हाला दोन वर्षं लागली. मग मात्र महिन्यातून एकदा तरी गाडीत बसून मी त्याच्याकडे जेवायला जात असे.

रेडिओवरून ईमेल पाठवण्याचं वेड त्याने आणलं. लॅपटॉप आणि रेडिओ यांच्या मध्ये हाताच्या पंजाएवढी एक डबी जोडायची. लॅपटॉपवर टाइप केलेला मजकूर ती डबी किरकिरीत बदलते, रेडिओ ती किरकिर हवेत सोडतो, पलीकडे तशीच डबी असली की तिथे पुन्हा अक्षरं उमटतात. एखादा तुकडा वाटेत हरवला तर पलीकडची डबी तो आपणहून पुन्हा मागते. मोबाइलचे टॉवर गेले, वायर तुटली, तरी हे चालतं. त्याने स्वतः येऊन एक डबी माझ्या टेबलावर बसवून दिली होती. मी तिच्यावर प्लास्टिक घालून ठेवलं.

आमच्या गटाच्या बैठका जोह्याला व्हायच्या, एका सभासदाच्या गणपतीच्या कारखान्यात. चहूकडे डोळ्यांची आखणी राहिलेल्या मूर्ती, मध्ये आमच्या खुर्च्या. तिथे आमचं जुंपायचं.

“हवा सगळ्यांची आहे,” मी म्हणायचो. “जे बोलायचं ते सगळ्यांना ऐकू येईल असं बोला. ही किरकिर कोणाला कळणार? पुराचा निरोप चाललाय की कुणाच्या धंद्याची ऑर्डर?”

“डबी घ्या, कळेल.”

“ज्याच्याकडे नाही त्याने काय करायचं?”

“मास्तर, तू एवढी वर्षं कट्टकडकट्ट करत होतास, ते पेणच्या बाजारात कुणाला कळत होतं रे?”

सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं.

मग तो गंभीर झाला. “आजारी बाईचं नाव, तिचा आजार, तिच्या घराचा पत्ता, सगळ्या मुलखाला ओरडून सांगायचा? तिला विचारलंय का कुणी?”

“संकटात तेवढं चालतं.”

“आणि ईमेल चालत नाय?”

“परक्या माणसाचे निरोप न्यायचे तर आधी संकट आहे असं कोणीतरी अधिकाराने सांगितलं पाहिजे. लेखी. तो आदेश कुठाय?”

“पाणी दारात आलं की पाण्याची सही घे,” तो म्हणाला.

कारखान्याचा मालक तिकडून ओरडला, “भांडा हवं तेवढं, पण हात आवरा. तुमच्या मागची सोंड अजून ओली आहे.”

शेवटी गटात मत घेतलं. टिपण मी लिहिलं होतं, नियमांचे अर्थ लावून, मुद्दे पाडून. सरावात आणि संकटात आवाजच वापरायचा, ईमेल नाही, असं ठरलं. कप्तानाने हात वर केला नाही, पण ठरल्यावर म्हणाला, “बरं. मास्तर जिंकला. चहा मास्तरकडून.” त्याच्या मनात काही राहत नसे.

पुढच्या पावसाळ्यात कुंडलिका नदीला पूर आला. रोह्याचा खालचा भाग आणि खाडीकडच्या वाड्या पाण्यात गेल्या. वीज गेली, मग टॉवर गेले. रस्ता नागोठण्याला बंद, गाडी कासूच्या पुढे जात नव्हती. मदतीच्या होड्या आणि औषधं पेणला येऊन थांबली होती, पण कुठे जायचं ते कुणाला माहीत नव्हतं. कप्तानाचं घर उंचावर. त्याच्या ओट्यावर लोक गोळा झाले होते. कुठल्या वाडीत कोण अडकलंय, कोणाला औषध हवंय, कोणाला उचलून न्यायला हवंय, ते त्याने एकेकाकडून लिहून घेतलं होतं.

सकाळी अकराच्या सुमाराला त्याची हाक आली. आवाज बारीक होता.

“मास्तर, यादी मोठी हाय. गाडीची बॅटरी लावलीय, तीही अर्धी. डबीवरचं प्लास्टिक काढ. पाच मिनटांत सगळं तुझ्याकडे येतं.”

मी म्हणालो, “आपलं ठरलंय. तू वाच, मी लिहितो.”

“अरे, बॅटरी...”

“बोलण्यात घालवू नकोस. वाच.”

हे बोलताना बाकीचे ऐकत आहेत हे मला माहीत होतं. संकटाच्या वेळी आजूबाजूच्या गावांतले, अगदी घाटावरचेही हॅम कान लावून बसतात. कुणी मध्ये बोलत नाही, सगळे ऐकतात. त्या सगळ्यांच्या देखत आवाजावर यादी घेऊन दाखवायची, हे माझ्या मनात होतं. माणसं बुडत होती आणि माझ्या मनात ते होतं. डबी लावायला मला फार तर दोन मिनिटं लागली असती.

तो वाचत गेला. नंबर, नाव, वाडी, काय हवंय. मी शाळेच्या वहीत लिहीत गेलो. प्रत्येक नोंदीनंतर मी ‘रॉजर’ म्हणायचो, म्हणजे मिळालं, पुढचं वाच. दूर कुठेतरी विजा होत होत्या आणि त्यांचा कडकडाट रेडिओत कागद फाडल्यासारखा येत होता. सतरा नंबरपर्यंत मी एकदाही पुन्हा विचारलं नाही.

मग तो म्हणाला, “अठरा,” आणि कडकडाट सुरू झाला. लांबलचक. त्याच्या खालून त्याचा आवाज चाललेला समजत होता, शब्द एकही कळत नव्हता. कडकडाट थांबला तेव्हा नोंदीचा शेवटचा शब्द तेवढा आला. “लवकर.”

मी वहीत अठरा लिहिलं, पुढे जागा सोडली, आणि लिहिलं, लवकर. माझा हात थांबला होता. एवढ्या वर्षांची सवय होती ती, हात आपोआप थांबला. आणि तोंडाने मी म्हणालो, “रॉजर.”

शेवटी विचारू, असं मी मनाशी म्हटलं. बॅटरी वाचवायला हवी, असंही म्हटलं. पण खरं कारण ते नव्हतं. ‘पुन्हा सांग’ म्हटलं असतं की ऐकणाऱ्या सगळ्यांना कळलं असतं, मास्तरचा कान चुकला. आणि कप्तानाने तिथल्या तिथे म्हटलं असतं, लाव आता डबी.

विसाव्या नंबरापासून त्याचा आवाज आणखी बारीक होत गेला. सव्वीसवर तो थांबला. “एकूण सव्वीस. मास्तर, मिळालं सगळं?”

“रॉजर. सव्वीस. सगळं मिळालं.”

“मग बंद करतो. चार वाजता येतो.”

त्याने रेडिओ बंद केला. चारला विचारू, असं मी पुन्हा मनाशी म्हटलं. चारला तो आला नाही. बॅटरी संपली होती. त्यानंतर दोन दिवस त्याचा आवाज आला नाही.

यादी मला आपत्ती कक्षात नेऊन द्यायची होती. मी स्वच्छ प्रत करायला बसलो. सतरा लिहून झालं. आता अठरासमोर रिकामी जागा सोडायची, किंवा सरळ लिहायचं की एक नोंद ऐकू आली नाही, रोह्याला माणूस पोचला की पहिलं कप्तानाच्या घरी जाऊन विचारा. एवढं पुरलं असतं. पण मग विचारलं असतं, का ऐकू आली नाही, तेव्हाच का विचारलं नाही. मी एकोणीसला अठरा नंबर दिला. विसाला एकोणीस. असं करत शेवटाला पंचवीस आले. अक्षर चांगलं होतं. खाली कार्बन घातला होता, ती प्रत मी माझ्याकडे ठेवली. कक्षातल्या साहेबांनी वरची प्रत हातात घेतली आणि म्हणाले, “वा, आजोबा, छापल्यासारखं लिहिलंय.”

अठरावी नोंद, हे मला नंतर कळलं, खाडीकडच्या एका वाडीतल्या बाईची होती. तिचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा व्हायचं आणि एक वेळ आधीच चुकली होती. तिचा नवरा छातीभर पाण्यातून चालत कप्तानाच्या ओट्यावर आला होता, नाव देऊन परत गेला होता. नाव गेलंय, आता होडी येईल, असं त्याने बायकोला सांगितलं. तिची पिशवी भरून ठेवली. सतरा नंबरची नोंद शेजारच्या वाडीची होती आणि त्याच दुपारी होडी तिथे आली. त्याने घराच्या माडीवरून हात केला, हाका मारल्या. होडीवरच्यांनी यादी पाहिली, म्हणाले, तुमचं नाव नाही यात, आधी यांना पोचवतो, दुसऱ्या फेरीला येतो. दुसरी फेरी झाली नाही, पाण्याला ओढ फार वाढली. दुसऱ्या दिवशी ती बाई गेली. वेळेवर नेली असती तर वाचली असती का, हे मी आजवर कुठल्याही डॉक्टरला विचारलेलं नाही. धीर झाला नाही.

पाणी उतरल्यावर नवरा कप्तानाच्या दारात गेला. तो काय बोलला ते मला कप्तानानेच सांगितलं. “मी पाण्यातून येऊन नाव दिलं व्हतं. तुमी ते वाचलं का नाय, तेवढं सांगा.”

कप्तान पेणला आला. त्याच्या हातात त्याची मूळ यादी होती, पावसाने फुगलेली. प्रत्येक नोंद वाचून झाली की तो पेन्सिलीने बरोबरची खूण करायचा. अठरासमोर खूण होती.

“मास्तर, अठरा नंबर मी वाचला होता का रे?”

मी माझी स्वच्छ प्रत त्याच्यासमोर ठेवली. त्याने बोट लावून खाली खाली पाहिलं.

“यात ती बाई नाय.”

“नाही,” मी म्हणालो. “माझ्या कागदावर नाही.”

“शेवटी मी सव्वीस म्हणालो होतो ना?”

“आठवत नाही. कागदावर पंचवीस आहेत.”

त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून नोंदी पुन्हा मोजल्या. मग म्हणाला, “बॅटरीच्या काट्याकडे बघत होतो मी. भराभर खुणा करत होतो. सुटला असेल, पुढचे नंबरही तसेच सरकले असतील.” स्वतःच्या खुणेपेक्षा माझ्या अक्षरावर त्याचा जास्त विश्वास होता. जाताना त्याने माझ्या बायकोच्या हातचा चहाही घेतला नाही.

पुढच्या बैठकीत त्याने उभं राहून सगळ्यांना सांगितलं, चूक माझी आहे, मास्तरने जे आलं ते सगळं घेतलं. मूर्तींच्या मध्ये खुर्चीत बसून मी ते ऐकलं. कोणीतरी म्हणालं, मास्तर, कान म्हणावा तर तुमचा. मी मान हलवली.

त्यानंतर सकाळी आठची हाक बंद झाली. त्याने अँटेना उतरवली, रेडिओ विकला. मी मात्र त्याच्याकडे जेवायला जात राहिलो. गेलो नसतो तर त्याला संशय आला असता, असं मला वाटायचं. आता वाटतं, संशय यावा म्हणूनही जात असेन. बाईचा नवरा त्याच्याशी पुन्हा बोलला नाही. बाजारात समोर आला की रस्ता ओलांडायचा. दर ईदेला कप्तान त्या वाडीत जायचा, दारापाशी थोडा वेळ उभा राहायचा, परत यायचा. मला म्हणाला, “तो शिव्या तरी देईल असं वाटतं. देत नाय.”

माझं काय झालं ते सांगण्यासारखं फार नाही. रेडिओ लावला की कडकडाटाची वाट बघत बसायचो. तो आला की त्याच्या खाली कोणीतरी बोलतंय असं वाटायचं, मी कान लावायचो, काही नसायचं. बँकेत एकदा अठरा नंबरचं टोकन हातात आलं, माझा पुकारा झाला आणि मी जागचा उठलो नाही. माणूस दोनदा ओरडला, मग एकोणीसला बोलावलं. मी घरी आलो. आणि एक भीती कायम होती. त्या दिवशी कितीजण ऐकत होते! हवा सगळ्यांची आहे, असं मीच म्हणत होतो. त्यातल्या एखाद्याकडे, घाटावर, जिथे विजा नव्हत्या तिथे, अठरा नंबर स्वच्छ पोचला असेल. त्याने तो, आणि शेवटी मी म्हटलेलं ‘सव्वीस’ही, वहीत उतरवून ठेवलं असेल. टपाल आलं की आधी पाठवणाऱ्याचं गाव बघायचो. पण कोणाचंही पत्र आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात कप्तान गेला. मी मयतीला गेलो होतो. मूठभर माती मीही टाकली.

मग हा मसुदा आला. त्यातलं ते वाक्य मी चारपाच वेळा वाचलं, ‘एक नोंद राहिली ती पाठवणाऱ्याच्या हातून’. हे आता छापलं जाणार होतं, दूरवरच्या कचेऱ्यांत जाणार होतं, नियम करताना त्याच्याकडे बघितलं जाणार होतं. मेलेल्या माणसाला तर उत्तरही देता येणार नव्हतं.

शाळेची ती वही मी टाकलेली नव्हती. तारेचा कागद फाडायचा नाही ही सवय. रेडिओच्या खोक्यात तळाला ती होती. अठरा, रिकामी जागा, लवकर. मी माझ्या स्वच्छ प्रतीवर तार खात्याच्या रीतीप्रमाणे अठरापासूनच्या सगळ्या नंबरांवर एकेक आडवी रेघ मारली, बाजूला खरे नंबर लिहिले, आजची तारीख घातली, सही केली. मग गाडीने रोह्याला गेलो.

कप्तानाची बायको, म्हणजे आमच्या भाभी, ओट्यावर बसून बिरड्यासाठी वाल सोलत होत्या. “या मास्तर. एवढ्या दुपारचे?” त्या उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा, पाणी नको. उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं, वर लिहिलंय त्याच क्रमाने. त्या वाल सोलत राहिल्या. साल एकीकडे, डाळिंबी एकीकडे. माझं संपल्यावरही दोनचार सोलल्या.

“किती वर्षं येत होता तुम्ही या घरात?”

त्यांनी वाल बाजूला सारले.

“माझ्या हातचं जेवत होता. ते तुमच्यासाठी कोंबडी आणायला स्वतः जायचे. समोरासमोर बसून जेवत होता तुम्ही.” त्यांचा आवाज चढला नाही. “गेले त्याच्या आदल्या आठवड्यात पण तो कागद काढून बसले होते. मी म्हटलं, ठेवा आता. तर म्हणाले, खूण तर केलीय गो मी, मग वाचलं कसं नाय?”

मी त्यांची माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही.

“मला काय सांगता?” त्या म्हणाल्या. “मी कधी त्यांना चुकलात म्हटलं नाय. ज्याने म्हटलं त्याला सांगा.”

त्या आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. पण ओढणी घेऊन, चपला घालून आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला तो कागद होता. कोपऱ्यावर रिक्षा थांबवली. “एकटे गेलात तर वाटेतून परत जाल,” एवढंच म्हणाल्या.

वाडीत त्या बाईचा नवरा अंगणात पेंढा रचत होता. माझ्याहून बराच लहान, पण केस सगळे पांढरे. भाभींना पाहून त्याने तोंड फिरवलं. मग बाई माणूस उन्हात उभं आहे म्हणून असेल, आतून खुर्ची आणून ठेवली आणि पुन्हा पेंढ्याकडे वळला.

भाभी बसल्या नाहीत. “हे पेणचे मास्तर,” त्या म्हणाल्या. “पुरात यादी यांनी घेतली. काय सांगतायत ते ऐका.”

मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. मी ‘होडी’ म्हणालो तेव्हा त्याच्या हातातली पेंढी खाली आली.

“म्हंजे त्यांनी वाचलं व्हतं?”

“हो.”

“तिचं नाव घेतलं व्हतं?”

“घेतलं असणार. मला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला. लवकर.”

“तो मी सांगितला व्हता,” तो म्हणाला. “लवकर लिवा, म्हटलं व्हतं. त्यांनी माझ्यासमोर लिवलं.”

भाभींनी कागद उघडून त्याच्यापुढे धरला. त्याला वाचता येत होतं. अठरावर बोट ठेवून त्याने बायकोचं नाव वाचलं, तोंडातल्या तोंडात, मग खुणेवरून बोट फिरवलं.

आता तो मला काय करेल, याची मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर काहीतरी करावं असं वाटत होतं. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. भाभींना म्हणाला, “मी त्यांच्या मयतीला आलो नाय. सगली वाडी आली. मी शेतावर जाऊन बसलो व्हतो.”

“माहीत हाय.”

“ईदेला दारात उभं राहायचे. मी आतून बघायचो.”

त्याने रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले, आत जाऊन सदरा घालून आला.

“कबर कुठं हाय, दाखवता का?”

“मी फाटकापर्यंत येते,” त्या म्हणाल्या. “आमच्यात बायका आत जात नाय. आत गेल्यावर डावीकडे, चिंचेच्या पुढची दुसरी.”

रिक्षा उभीच होती. मीही त्यांच्या मागे निघालो. दोन पावलं गेलो असेन. तो वळला, आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

“तुमी नका येव.”

रागाने म्हणाला नाही. आपल्या घरचं काम आहे, परक्याने मध्ये येऊ नये, अशा सुरात म्हणाला. ते दोघं रिक्षात बसले, ती वळली आणि बांधावरून गेली.

गटातल्या मित्रांना एवढंच सांगायचं आहे. हवा सगळ्यांची असावी, हे मला अजूनही पटतं. ईमेलला मोकळीक द्यावी की नाही, ते तुम्ही ठरवा. माझे मुद्दे चुकीचे होते की बरोबर, हे मला आता सांगता येत नाही, कारण मी ते कशासाठी मांडत होतो ते मला माहीत आहे. तिसऱ्या पानावरचा तो परिच्छेद मात्र काढा. पाठवणाऱ्याच्या हातून काही राहिलं नव्हतं.

रिक्षा दिसेनाशी झाली तेव्हा मी त्या अंगणात एकटाच होतो. घाईत तो घराचं दार उघडंच टाकून गेला होता आणि कोंबड्या आत शिरायला लागल्या होत्या. मी त्यांना हाकललं, दार ओढून कडी घातली, आणि मुख्य रस्त्याकडे चालायला लागलो.